लाल शिक्क्याचे खुराडे

मित्रांनो, मला पाहून नाक मुरडण्याआधी एक गोष्ट ऐका: मी जुने आहे, खोके आहे, पण ऐरेगैरे खोके नव्हे. चेन्नईच्या पश्चिमेला आवडी म्हणून गाव आहे. तिथल्या एका सरकारी क्वार्टरच्या मागच्या अंगणात, शेवग्याच्या झाडाखाली, चार विटांवर मी ऐटीत उभे असते. माझ्या डाव्या अंगावर लाल रंगात, इंग्रजी अक्षरांत, ‘रिजेक्टेड’ असे छापलेले आहे. ते वाचून येणारे-जाणारे हसतात. हसू देत. माझी हकिगत ऐकल्यावर तुम्ही त्यांच्यासारखे हसणार नाही, याची मला खात्री आहे.

माझा जन्म उत्तरेतला. चांगल्या चीडाच्या, म्हणजे पाइनच्या, इंचभर जाडीच्या फळ्या, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या, आणि खिळे असे सरळ ठोकलेले की एकही वाकडा सापडणार नाही. ज्या सुताराने मला बांधले तो कामाचा पक्का होता. माझ्या पोटात रणगाड्याची दातेरी चक्रे भरली आणि मालगाडीत चढवून मला दक्षिणेला धाडले. सहा दिवसांचा तो प्रवास, पण आतल्या एका चक्राला मी साधा ओरखडाही पडू दिला नाही.

आवडीच्या कारखान्यात माल तपासायला विद्याधरराव होते. मूळचे कऱ्हाडकडचे, नोकरीसाठी इथे आलेले. माल तपासण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांचा एक नियम सगळ्या शेडला पाठ होता: ज्याने तपासले, सही त्यानेच करायची. दुसऱ्याने तपासलेल्या मालावर ते कधी सही करत नसत, मग साहेब का सांगेना. तर त्यांनी चक्रे मोजली. दाते केसभर कमी निघाले. त्यांनी माल नाकारला आणि लाल रंगाचा शिक्का उमटवला तो थेट माझ्या अंगावर! दोष चक्रांचा आणि डाग माझ्या कपाळी. उघडताना माझे झाकण फुटले होते, म्हणून चक्रे दुसऱ्या खोक्यातून परत गेली. मी शेडमागे पडून राहिले, एक नाही, दोन नाही, चांगली सहा वर्षे. पाली माझ्यात अंडी घालत आणि मी मनातल्या मनात विद्याधररावांना शिव्या घालत असे.

२००२ साली कारखान्याने जुने लाकूड कर्मचाऱ्यांना दिले आणि बघा योग, मी विद्याधररावांच्याच वाट्याला आले. त्यांच्या पत्नीला, सरोजिनीबाईंना, खुराडे हवे होते. विद्याधररावांनी तीन रविवार खपून मला नवे रूप दिले. पुढे जाळीचे दार, आत बसायला आडवी दांडी, कोपऱ्यात अंडी घालायला गवताची जागा. छपराला पत्रा. घरात काळा रंग उरला होता, तोच त्यांनी पत्र्याला फासला. मग टेप लावून माझे आतले माप घेतले आणि जाहीर केले, “पाच कोंबड्या. सहावी नाही.” हे मात्र त्यांनी अचूक सांगितले. माझ्यात पाच कोंबड्या सुखाने राहतात. सहावी आली की भांडणे सुरू.

आता खुराडे कशासाठी हवे होते, ते सांगते. बायका माझ्याजवळ बसून मनातले बोलतात आणि माझ्या फळ्यांना फटी पुष्कळ, त्यामुळे मला सगळे ठाऊक आहे. सरोजिनीबाई लग्न करून आवडीला आल्या तेव्हा त्यांना आई नव्हती. त्यामुळे पहिल्या बाळंतपणाला जायला माहेर उरले नव्हते. यामिनी इथेच, या क्वार्टरमध्ये जन्मली. त्या वेळी धावून आल्या त्या राजसबाई. राजसबाई तंजावरकडच्या मराठी. त्यांचे यजमान कारखान्याच्या कँटीनमध्ये होते आणि घर जवळच पट्टाभिरामला, रेल्वेच्या रुळांना लागून. त्यांच्याकडे गावठी कोंबड्या होत्या. रोज सकाळी त्या पदराआड एक ताजे अंडे आणि वाटीत तिळाचे तेल घेऊन यायच्या आणि समोर बसून ते बाळंतिणीला प्यायला लावायच्या. चाळीस दिवस, एकही दिवस चुकला नाही. आता यामिनीच बाळंतपणाला येणार होती. पुढच्या जुलैत तिचे दिवस भरत होते. “माझ्या लेकीला माझ्या अंगणातलं अंडं देईन,” असे सरोजिनीबाईंनी तिला फोनवर कबूल केले होते. आईने लेकीसाठी करायचे ते आपल्याला मिळाले नाही, पण आपण ते करायचेच, एवढी साधी हौस होती ती.

सरोजिनीबाई कोंबड्यांत वाढलेल्या. लहानपणी घरची वीस-पंचवीस कोंबडी त्या एकट्या सांभाळायच्या. पण मित्रांनो, विद्याधररावांनी कोंबड्या कोणत्या आणायच्या, हे सगळ्या जगाला विचारले आणि त्यांना तेवढे विचारले नाही. पोल्ट्रीवाल्यांना विचारले, पुस्तिका आणल्या, कारखान्यातल्या चार जणांचे सल्ले घेतले. मग एक मोठा तक्ता आखला. डावीकडे जातींची नावे, वर रकाने: वर्षाला अंडी किती, अंड्याचे वजन किती, खाद्य किती. टेंडरच्या कामात करतात ना, अगदी तसा.

“अहो, मला वाटतं आधी आपलं अंगण...” सरोजिनीबाई म्हणाल्या.

“बघू,” विद्याधरराव तक्त्यातून मान वर न करता म्हणाले. या घरात ‘बघू’ म्हणजे विषय संपला.

तक्त्यात पांढरी लेगहॉर्न पहिली आली. पोंगलच्या सुट्टीत पाच पांढऱ्याशुभ्र कोंबड्या माझ्यात दाखल झाल्या. खरे सांगते, माझी छाती अभिमानाने फुगली. रोज चार अंडी, कधी पाच! विद्याधरराव अंडी हातावर घेऊन शेजाऱ्यांना दाखवत फिरले.

सुट्टी संपली आणि मंगळवार उजाडला. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे रणगाडे चालवून पाहायचा रस्ता आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी तिथे रणगाडे धावतात. जमीन हादरते, खिडक्यांची तावदाने थरथरतात. विद्याधररावांनी चोवीस वर्षे त्या आवाजात काढली होती, त्यामुळे त्यांना तो ऐकूच येत नसे. म्हणून तक्त्यात त्याचा रकाना नव्हता. पहिला रणगाडा गरजला मात्र, माझ्या पाचही पाहुण्यांची पाचावर धारण बसली. त्या एकमेकींच्या अंगावर चढून माझ्या कोपऱ्यात दाटल्या. दार उघडताच एक उडाली ती भिंतीवरून थेट शेजारच्या व्यासराजांच्या मोगऱ्यावर. व्यासराज रात्रपाळी करून नुकते आडवे झाले होते. ते लुंगी सावरत बाहेर आले आणि त्यांनी जे काही सुनावले ते मी इथे सांगत नाही.

त्या दिवसापासून अंडी घटली. जी येत ती पातळ कवचाची, हात लावताच फुटणारी. शिवाय या कोंबड्या पिंजऱ्यात वाढलेल्या. संध्याकाळ झाली की घरी परतायचे असते, दांडीवर बसायचे असते, हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. त्या भिंतीवर बसून राहत. एके दिवशी मुंगसाने एकीला नेले. तेव्हा विद्याधररावांनी कानाला खडा लावला आणि उरलेल्या पोल्ट्रीवाल्याला परत केल्या. एक तेवढी राहिली. तिचे एक बोट वाकडे होते, म्हणून पोल्ट्रीवाल्याने ती घेतली नाही. तीही माझ्यासारखीच नाकारलेली. तिच्यावर माझा जीव जडला.

मार्चमध्ये नवा तक्ता झाला. त्यात एक रकाना वाढला होता: स्वभाव. सरोजिनीबाईंनी पुन्हा तोंड उघडले आणि पुन्हा ‘बघू’ ऐकले. या वेळी तांबड्या रंगाच्या, अंगाने भरलेल्या चार कोंबड्या आल्या. स्वभावाने इतक्या शांत की रणगाडा अंगणातून गेला असता तरी त्यांनी मान वळवली नसती. अंडी मोठी, तपकिरी. विद्याधररावांच्या चेहऱ्यावरचा तोरा परत आला. “काय, आता बोला!” ते म्हणत. सरोजिनीबाई आकाशाकडे बघत. उन्हाळा अजून यायचा होता.

मे महिन्यात इथे कत्तिरी लागते. म्हणजे उन्हाळ्याचे ते वीस-पंचवीस दिवस, ज्यात कावळेसुद्धा चोच उघडून बसतात. त्याच दिवसांत यामिनीचे डोहाळजेवण ठरले. ती सासरी श्रीपेरुंबुदूरला असे, कारण जावई मकरंद तिथून जवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात होते. विद्याधरराव आणि सरोजिनीबाई सकाळी हिरवी साडी, फुले, फळे घेऊन निघाले. जाताना विद्याधररावांनी मुंगसाच्या भीतीने कोंबड्यांना माझ्यात कोंडले आणि कडी घातली. पाणीही ठेवले होते, हे मी त्यांच्या बाजूने सांगते.

त्या दुपारची मला आजही लाज वाटते. काळा पत्रा तापला, इतका तापला की माझ्या फळ्यांतून राळ पाझरू लागली. तांबड्यांची अंगे जड. त्या चोची उघडून, पंख पसरून धापा टाकत होत्या. पाणी गरम झाले होते. मी कडी उघडू शकत नव्हते, पत्रा उचलू शकत नव्हते. ज्यांचा सांभाळ करायला मला बनवले, त्यांना मीच भाजून काढत होते. संध्याकाळी सरोजिनीबाई आल्या त्या नेसत्या रेशमी साडीनिशी मागे धावल्या. त्यांनी दार उघडले. दोन तांबड्या गेल्या होत्या. दोन कशाबशा तगल्या, आणि माझी वाकड्या बोटाची पांढरी.

सरोजिनीबाई माझ्या दारात तशाच खाली बसल्या. साडीला माती लागली तरी उठल्या नाहीत. विद्याधररावांचे तोंड उतरले होते. पण चूक झाली की काही माणसांचा आवाज चढतो.

“आपल्याला कोंबड्या लाभत नाहीत,” ते म्हणाले. “रविवारी हे खोकं भंगारवाल्याला देऊन टाकू. यामिनीला अंडी काय, दुकानातून आणता येतील. अंडं ते अंडं.”

मित्रांनो, ते खोकं म्हणजे मी! रविवार चार दिवसांवर होता. पण सरोजिनीबाई उठल्या आणि त्यांचे हे बोलणे मी जन्मात विसरणार नाही.

“कोंबड्यांचं काही चुकलं नाही,” त्या म्हणाल्या. आवाज मुळीच चढला नव्हता. “तुम्ही कारखान्यातला खिळासुद्धा तपासल्याशिवाय घेत नाही. मग हे अंगण तपासलंत का कधी? इथं ऊन कुठं पडतं, आवाज कधी होतो, काही बघितलंत? आणि घरात माहीत असणारं माणूस बसलंय, त्याला एकदा विचारावं असं वाटलं नाही तुम्हाला. मला काही वाटत नाही का हो?”

विद्याधररावांनी आतले गरम पाणी ओतून टाकले. ते म्हणाले, “मग काय करायचं म्हणतेस?”

“एकदा मला निवडू द्या. यामिनी जूनच्या शेवटी येईल. तोवर अंडी नीट मिळाली नाहीत, तर मीच भंगारवाल्याला हाक मारीन.”

या खेपेला ‘बघू’ आले नाही. “ठीक आहे,” असे आले. माझे आयुष्य आता सरोजिनीबाईंच्या पारखीवर होते, आणि मला सांगायला आनंद वाटतो की मी जराही घाबरले नाही.

दुसऱ्या दिवशी राजसबाई आल्या. साठी उलटलेल्या, पण पाठ ताठ. त्यांनी आधी मला निरखले.

“अय्यो सरोजा, हा पत्रा काळा काय म्हणून? आंत पोळ्या भाजायच्या होत्या काय? पावम, बिचाऱ्या कोंबड्या!”

“यांनीच लावलाय, राजसक्का.”

“सेरी, बरं मग, आतां काढा,” राजसबाई म्हणाल्या. पुढचा अर्धा तास विद्याधरराव पत्र्याचे खिळे उपटत होते.

पत्र्याच्या जागी नारळाच्या विणलेल्या झावळ्या आल्या. तळाशी दोन्ही बाजूंना हवेसाठी फटी कापल्या. मला शेवग्याखाली हलवले, जिथे मी आज आहे. मग सरोजिनीबाईंनी जे केले ते पाहून विद्याधरराव बुचकळ्यात पडले. त्या दोन दिवस नुसत्या अंगणात बसून राहिल्या. भाजी तिथेच निवडली, चहा तिथेच प्यायल्या. दहाला सावली कुठे असते, तीनला कुठे सरकते, मुंगूस कुठल्या भोकातून डोकावते, व्यासराज किती वाजता झोपतात, सगळे पाहून घेतले. कागदावर एक अक्षर लिहिले नाही. मग म्हणाल्या, “चला, आता कोंबड्या बघू.”

माझ्यात पाचांची जागा. तीन होत्याच. दोन तांबड्या त्यांनी ठेवून घेतल्या, कारण अंड्यांना त्या चोख होत्या आणि सावली मिळाल्यावर बऱ्यापैकी सावरल्या होत्या. पांढरीला हाकलायचा प्रश्नच नव्हता. “ही हुशार आहे, हिला फक्त कोणी शिकवणारी पाहिजे,” असे त्यांचे मत. म्हणजे दोनच निवडायच्या होत्या, आणि त्या दोघींनी सगळी घडी बसवायची होती.

पट्टाभिरामला मी गेले नव्हते. पण राजसबाईंनी नंतर माझ्या दाराशी हातवारे करून सगळे सांगितले. त्यांच्या गल्लीतून सरोजिनीबाई हिंडल्या, मागे टोपली घेऊन विद्याधरराव. त्या कोंबडी पाहत म्हणजे काय! आधी लांबून तिचे चालणे. मग हातात घेऊन छातीचे हाड चाचपायचे, तुरा पाहायचा, डोळा पाहायचा, पायांच्या खवल्यांत किडे आहेत का ते पाहायचे, पिसे फुंकून कातडी पाहायची. मग खाली सोडून मागून टाळी वाजवायची. शेवटी तिच्या अंगावर हाताची सावली टाकायची. वर मान करून पाहते का? पाहिले तर ती जागरूक. अकरा कोंबड्या त्यांनी खाली ठेवल्या. विद्याधरराव आधी घड्याळ बघत होते. पाचव्या कोंबडीपासून घड्याळ बघायचे विसरले.

बारावी पसंत पडली. छोट्या चणीची गावठी, अंगावर काळे-पिवळे ठिपके. रुळांच्या कडेला जन्मलेली, गाड्या धडधडत जाताना दाणे टिपणारी. तिने तीन वेळा पिल्ले काढून वाढवली होती. दुसरी निवडली ती उघड्या मानेची. तिच्या मानेवर एकही पीस नव्हते.

“ही आजारी दिसते,” विद्याधरराव हळूच म्हणाले.

“मान उघडी आहे म्हणून तर तिला उकाडा बाधत नाही. ही जातच तशी असते.”

“आणि कोंबडा?”

“व्यासराज सकाळी झोपतात. कोंबडा नको.”

“ठिपकी बसली, कीं माझी अंडी घाल खाली,” राजसबाई म्हणाल्या. “माझा कोंबडा आहे की बेष!” कोंबडी अंड्यांवर ठाण मांडून बसते, त्याला खुडूक बसणे म्हणतात. पांढरी आणि तांबड्या तशा क्वचितच बसतात. आणि कोंबडा नसेल तर अंडी मिळतात, पण त्यांतून पिल्ले होत नाहीत. हेही तक्त्यात नव्हते.

नव्या दोघींना सरोजिनीबाईंनी दिवेलागणीला, जुन्या तिघी दांडीवर पेंगत असताना, हळूच माझ्यात बसवले. सकाळी पाचही जणी एकत्र जाग्या झाल्या आणि थोड्या टोचाटोचीवर निभावले. पण खरी परीक्षा मंगळवारी होती. ती सगळ्यांना ठाऊक होती. विद्याधररावांनी चोवीस वर्षांत पहिल्यांदा कोंबड्यांसाठी अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि मागच्या दारात उभे राहिले.

दहा वाजता रणगाडे सुरू झाले. जमीन थरथरली, माझी कडी खडखडली. कोंबड्या अंगणात होत्या. पांढरीने पंख उचलले, ती उडणार हे मला दिसत होते. ठिपकीने मान वर केली. एकदा इकडे पाहिले, एकदा आकाशाकडे पाहिले, आणि पुन्हा माती उकरायला लागली. उघड्या मानेची तिच्या शेजारी आली. तांबड्यांनी तर पाहिलेही नाही. पांढरी एक पाय उचलून तशीच उभी होती. सगळ्यांकडे तिने आळीपाळीने पाहिले. मग तिने पाय खाली ठेवला, पंख मिटले, आणि ठिपकीने उकरलेल्या मातीतला एक किडा पटकन उचलला.

सरोजिनीबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या रडत होत्या की हसत होत्या, मला कळले नाही. विद्याधररावांनी चष्मा काढून पुसला. “पास,” ते पुटपुटले. ते मला एकट्याला ऐकू गेले.

पुढे मुंगूस आले तेव्हा ठिपकीने असा काही ओरडा केला की पाचही जणी धावत माझ्या पोटात. संध्याकाळी तिच्या मागोमाग सगळ्या दांडीवर चढायला शिकल्या. अंडी तक्त्याइतकी कधीच मिळाली नाहीत. रोज तीन, एखाद्या दिवशी चार. पण घट्ट कवचाची, रोजच्या रोज. जूनच्या मध्याला ठिपकी खुडूक बसली. राजसबाईंनी टोपलीत भुसा घालून सात अंडी आणली, आणि विद्याधररावांनी कॅलेंडरवर एकविसाव्या दिवसाला खूण केली.

यामिनी ठरल्याप्रमाणे आली. खुर्ची टाकून ती माझ्यासमोर बसायची आणि पिल्लांची वाट बघायची. सात अंड्यांतून पाच पिल्ले निघाली, आणि तिसऱ्याच दिवशी यामिनीला मुलगी झाली. ती दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्या सकाळी सरोजिनीबाई आंघोळ करून माझ्याकडे आल्या. उघड्या मानेच्या कोंबडीने नुकतेच अंडे घातले होते. ते ऊनऊन अंडे त्यांनी पदरात घेतले, वाटीत तिळाचे तेल घेतले.

“अम्मा, प्लीज, कच्चं नको ना!” आतून यामिनीचा आवाज आला. ती आवडीतच वाढलेली, आईला अम्माच म्हणते. “डॉक्टर रागावतील. हाफ बॉईलही नको. नीट उकडून दे.”

सरोजिनीबाई क्षणभर थबकल्या. मग हसून चुलीकडे वळल्या. उकडलेले अंडे, वर चमचाभर तेल आणि मिरपूड, असा समझोता झाला. तेवढ्यात राजसबाई दारात. आणि मित्रांनो, काय सांगू, त्यांच्याही पदराआड एक अंडे होते! तेवीस वर्षांनी त्या पुन्हा तशाच आल्या होत्या. यामिनी आईच्या हातचे अंडे खात होती, ते त्या बघत राहिल्या.

“आतां माझ्या अंड्याचं काम नाही,” त्या म्हणाल्या आणि डोळे पुसले.

“असं कसं, अक्का?” सरोजिनीबाई म्हणाल्या. “ते मी खाईन. तेव्हाही तुमचंच खाल्लं होतं.” आणि त्यांनी ते खरोखरच खाल्ले, यामिनीच्या शेजारी बसून.

बारशाच्या दिवशी सकाळी विद्याधरराव हिरव्या रंगाचा डबा आणि कुंचला घेऊन माझ्यापाशी आले. कारखान्यात मंजूर मालावर हिरवा शिक्का बसतो. त्यांनी पुठ्ठ्यात अक्षरे कापून आणली होती. ती माझ्या उजव्या अंगावर धरून त्यांनी ‘ॲक्सेप्टेड’ असे रंगवले. मी सात वर्षे वाट पाहत होते त्याची. आता खाली सही आणि तारीख हवी. त्यांनी कुंचला टेकवला आणि थांबले. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली.

“सरोजिनी, जरा इकडे ये. सही कर.”

“मी? अहो, हात पिठाचे आहेत. तुमचीच करा की.”

“मी तपासलं नव्हतं,” विद्याधरराव म्हणाले. “ज्याने तपासलं, सही त्यानेच करायची.”

सरोजिनीबाईंनी हात पुसले, कुंचला घेतला आणि जपून, आपल्या नावाचे एकेक अक्षर लिहिले.

मित्रांनो, या गोष्टीला आता पाच वर्षे झाली. ठिपकीच्या पिल्लांची पिल्ले माझ्यात नांदून गेली. पुढच्या वर्षी विद्याधरराव निवृत्त होतील, क्वार्टर सोडावे लागेल, आणि मला पट्टाभिरामला राजसबाईंच्या शेजारच्या नव्या घरी नेणार आहेत. मी निश्चिंत आहे. दर पावसाळ्याआधी झावळ्या बदलतात, दांडी घासतात, माझ्या तळाशी ताजी राख टाकतात. तुमच्यापैकी कोणाला घरी चार कोंबड्या पाळाव्याशा वाटल्या, तर माझे एवढे ऐका. आधी अंगणात बसा. ऊन बघा, आवाज ऐका, शेजाऱ्याची झोप विचारात घ्या. खुराड्यावर काळा पत्रा घालू नका, आणि कडी लावून गावाला जाऊ नका. एकाच जातीच्या मागे लागू नका. एक अंड्यांसाठी, एक उकाड्यासाठी आणि एक तरी अशी घ्या, जी बाकीच्यांना शहाणे करील. आणि वाकड्या बोटाची कोणी असेल, तर तिलाही राहू द्या. सगळ्यात आधी घरात विचारा, हे कोणाला येते का. बहुतेक वेळा ते माणूस तिथेच भाजी निवडत बसलेले असते.

माझा लाल शिक्का आता उन्हाने फिका पडला आहे. हिरव्या रंगावर मात्र विद्याधरराव दर दिवाळीला नवा हात फिरवतात. शिक्क्याची अक्षरे तेच रंगवतात. पण खालच्या सहीशी आले की कुंचला धुऊन पुसून सरोजिनीबाईंच्या हातात देतात.